गावातच चांदीचं काम सुरू करायचं असेल तर: खोली, हत्यारं, पहिलं जोडवं आणि तोलवही

विट्याच्या आसपास चांदी-सोन्याशी नातं नसलेलं घर शोधूनच काढावं लागतं. खानापूर-आटपाडी तालुक्यांतली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जुनं सोनं आटवून शुद्ध करून देणारा माणूस याच दुष्काळी पट्ट्यातला निघाला, तर आम्हाला नवल वाटत नाही. पण इथेच राहून, स्वतःच्या हातानं दागिना घडवून, स्वतःच विकणारे मात्र फार थोडे आहेत.

सराफी दुकान टाकायचं नाही, कोणाच्या हाताखाली मजुरीही करायची नाही, स्वतःची खोली आणि स्वतःचं गिऱ्हाईक हवं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी चांदीत काम करते, म्हणून बोलणं चांदीपुरतंच. सोन्यात भांडवल, जोखीम आणि कायदा तिन्ही वाढतात. हात बसल्यावर तिकडे वळा.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दागिन्यातल्या धातूचा पैसा आपला नसतो. तो येतो आणि पुढची चांदी घ्यायला जातो. आपली कमाई घडणावळीची. हे ज्याच्या हिशेबात पक्कं नसतं, त्याच्या खोलीत काम भरपूर असतं आणि वर्षअखेरीला चांदी कमी भरते.

आधी कोणाकडे तरी बसा

व्हिडिओ पाहून करवत धरता येते, नक्षी सुचते. पण तापलेल्या चांदीचा रंग पडद्यावर कळत नाही. तो डोळ्यांनी, अंधाऱ्या खोलीत, जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच कळतो. सांगली, सातारा, कराड, विटा इथल्या सराफ पेठांच्या मागच्या गल्ल्यांत, माड्यांवर कारागीर बसतात. त्यांत बंगाली कारागीरही बरेच आहेत. काही महिने त्यांच्याकडे बसू द्या म्हणून विचारा. पहिले दिवस झाडलोट आणि कानशीचं काम मिळेल, ते मनापासून करा. कापणं, कानस मारणं, तार ओढणं आणि झाळणं (झाळ म्हणजे लवकर वितळणारा मिश्रधातू, तो वितळवून जोड भरणं), एवढी चार कामं हाताला आली की बाकीचं घरी बसून वाढवता येतं.

आणि एकदा हुपरीला जाऊन या. कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे काम वाटलेलं असतं. एका घरी तार, दुसरीकडे कड्या जोडणं, तिसरीकडे घुंगरू बसवणं, चौथीकडे पॉलिश. ही साखळी बघितली की लक्षात येतं, एकट्यानं पैंजण करून त्या दराशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. तयार घुंगरू, साखळी, फासे हुपरीहून आणावेत. आपण करायचं ते जे तिथे होत नाही: मापाची जोडवी, देवाचे टाक, एकेकटी निराळी कर्णफुलं, आणि दुरुस्ती. दुरुस्तीला कमी लेखू नका. तुटलेली जोडणी जो सफाईनं झाळून देतो, त्याच्याकडे तीच बाई लग्नाची ऑर्डर घेऊन येते.

खोली

गावात जागा मिळते, हा आपला मोठा फायदा. पण कोणती जागा घ्यायची याला महत्त्व आहे. कडब्याची गंज, चिपाडं, सरपणाचा ढीग याला लागून असलेली खोली नको. आपण रोज उघड्या ज्योतीवर काम करणार आहोत. शेजारी गोबरगॅसची टाकी असेल तरी दुसरी खोली बघा. त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि त्यानं पॉलिश केलेली चांदी काळी पडते. हे कारण कळलं नाही, तर माणूस महिनोन् महिने पॉलिशला दोष देत बसतो.

जमीन सपाट हवी. शेणानं सारवलेल्या किंवा फुटक्या कोब्याच्या जमिनीत पडलेला चांदीचा कण परत मिळत नाही. फिकट रंगाची, सांधे भरलेली फरशी सगळ्यात बरी. खिडकी उत्तरेला मिळाली तर उत्तम, दिवसभर सारखा उजेड येतो. पण झाळायची जागा खिडकीपासून दूर, जरा अंधारी ठेवा, म्हणजे तापलेल्या धातूचा रंग दिसेल. पत्र्याचं छप्पर असेल तर चैत्र-वैशाखात दुपारी बसवत नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं वेळापत्रक करा किंवा पत्र्याखाली छत घाला.

गॅस जपून. घरगुती अनुदानाची टाकी धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, व्यावसायिक जोडणी घ्या. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून टाकी खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका, आणि खोलीला खालच्या बाजूनं हवा जायला वाट हवी. केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, कपडे सुती. नायलॉनवर ठिणगी पडली तर कापड कातडीला चिकटतं.

कृष्णाकाठच्या गावात असाल तर 2019 आणि 2021 चा पूर आठवा. वह्या, साचे, ठसे आणि मोटर वरच्या मजल्यावर किंवा उंच फळीवर.

हत्यारं

पहिल्या दिवशी सगळं घेऊ नका. मजबूत लाकडी बैठं मेज, त्याच्या कडेला पुढे आलेली लाकडी पाचर (तिच्यावर दागिना टेकवून कापायचं आणि घासायचं), आणि मेजाखाली बांधलेली चामड्याची किंवा जाड कापडाची झोळी. ही झोळी विसरू नका. कानशीखाली पडणारा चुरा तिथे जमतो आणि तो चुरा म्हणजे पैसा आहे.

मग सोनारी करवत आणि तिची बारीक पाती, दोन-तीन कानशी, बारीक सुईकानशींचा संच, सपाट आणि गोल तोंडाच्या पकडी, चिमटा, लहान ऐरण, एक पोलादी आणि एक लाकडी हातोडी, अंगठी-जोडव्याची निमुळती सळई, तार ओढायची भोकांची पट्टी, मूस, गॅसची फुंकणी आणि तापायची वीट. मोजायला व्हर्नियर. तोलायला 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा. विकायचा माल ज्या काट्यावर तोलता त्याची दर वर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून मुद्रा मारून घ्यावी लागते. ते कराच, आणि प्रमाणपत्र काट्याच्या वरच भिंतीला लावा.

बफची मोटर, लवचिक दांड्याची मोटर, तार-पत्र्याचं रूळयंत्र हे पुढचं. वीज जाते तेव्हा मोटरवर अवलंबून असलेलं काम थांबतं. हातानं चालणारं थांबत नाही. आमच्याकडे भारनियमनाच्या वेळा वहीत लिहिलेल्या असतात. त्या वेळात कापणं, झाळणं, कानस. वीज आली की पॉलिश. पॉलिश करताना तोंडाला चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा, याला सूट नाही. ती धूळ छातीत बसते.

झाळ घेताना कॅडमियम नसलेली मागा. कॅडमियमची झाळ छान पळते म्हणून अजून काही ठिकाणी मिळते, पण तिचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. गावातल्या बंद खोलीत, लेकरं आत-बाहेर करत असताना तर अजिबात नको.

चांदी कोणत्या टंचाची

टंच म्हणजे हजार भागांत शुद्ध चांदी किती. शुद्ध चांदी, म्हणजे 999 टंचाची, सुमारे 962 अंशांना वितळते आणि फार मऊ असते. टाकासारख्या उठावाच्या कामाला ती बरी. रोज वापरायच्या दागिन्याला 925 घ्या: हजार भागांत 925 चांदी, बाकी तांबं. स्वतः मिसळायचं असेल तर 100 ग्रॅमला 92.5 ग्रॅम शुद्ध चांदी आणि 7.5 ग्रॅम स्वच्छ विजेच्या तारेचं तांबं. आधी मुशीत तांबं आणि चांदी टाकणखाराबरोबर (बोरॅक्स) एकत्र वितळू द्या, काडीनं ढवळा आणि मगच ओता. शिशाचा कण त्यात गेला तर सगळी आटणी ठिसूळ होते, म्हणून जुन्या डब्यांच्या शिशाच्या झाळीचे तुकडे खोलीतच आणू नका.

नवख्यानं मात्र सुरुवातीला तयार तार आणि पत्रा पावतीसह विकत घ्यावा. पावतीवर टंच आणि वजन लिहून घ्यायचंच. टंच माहीत नसलेल्या चांदीचा दागिना विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला जे सांगतो त्याची आपल्यालाच खात्री नसणं.

पहिलं काम: एक जोडवं

जोडव्यात जवळजवळ सगळं शिकायला मिळतं, आणि चांदी थोडी लागते. शिकायला बंद कडीचं साधं जोडवं करा. फटीचं, वळणाचं, फुलाचं नंतर.

मापापासून सुरू करू. पायाचं माप संध्याकाळी घ्या. दिवसभर रानात उभ्या असलेल्या बाईचा पाय संध्याकाळी सुजलेला असतो, सकाळच्या मापाचं जोडवं तिला रुततं. समजा आतला व्यास 16 मिलिमीटर आला आणि तार 2 मिलिमीटरची घेतली. तारेची लांबी काढायला आतला व्यास आणि तारेची जाडी यांची बेरीज करून तिला 3.14 नं गुणा. 18 गुणिले 3.14, म्हणजे साडेछप्पन्न मिलिमीटर. कानशीसाठी एक मिलिमीटर जास्त धरा. 925 चांदीची एवढी तार साधारण 1.8 ग्रॅम भरते. असा अंदाज आधी काढायची सवय लावून घ्या, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न वजनाचाच विचारतं.

तार वाकवण्याआधी ती नरम करायची. विटेवर ठेवा, ज्योत मोठी आणि मऊ, सगळीकडे फिरवत. अंधाऱ्या कोपऱ्यात चांदी जेमतेम लालसर दिसू लागली की ज्योत काढा. नारिंगी दिसली तर उशीर झाला. लाली विझली की पाण्यात सोडा. मग कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात ठेवा, वरचा काळपटपणा निघून चांदी पांढरी होते. या पाण्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही. घातला, तर आत विरघळलेलं तांबं चांदीवर बसून ती गुलाबी दिसते. बांबूची काडी किंवा तांब्याचा चिमटा वापरा.

आता सळईभोवती लाकडी हातोडीनं वळवा. दोन्ही टोकं जरा एकमेकांवर चढवून, दोन्हींतून एकदमच करवत चालवा, म्हणजे कापलेली तोंडं एकमेकांशी तंतोतंत जुळतात. जोड खिडकीसमोर धरून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर परत करवत फिरवा. फट राहू दिली आणि झाळेनं भरून निघेल असं मानलं, तर तो जोड काही महिन्यांत उघडतो. नवख्याच्या हातून होणारी बहुतेक मोडतोड इथली असते.

टाकणखार सहाणेवर पाण्यात उगाळून जोडाला आतून-बाहेरून लावा. झाळेचा तिळाएवढा तुकडा जोडावर ठेवा. ज्योत जोडावर रोखू नका, आधी सगळं जोडवं गोल गोल तापवा. टाकणखार फुगून पांढरा होतो, तुकडा हलतो (काडीनं परत जागेवर सारा), मग टाकणखार बसून काचेसारखा होतो. याच वेळी हात घाई करतो. थांबा. सगळं अंग सारखं तापलं की ज्योत जोडाकडे आणा, आणि एका क्षणात झाळ चकाकत रेघ धरून पळते. ती पळाली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. चांदीची झाळ साधारण 700 ते 780 अंशांच्या दरम्यान वितळते आणि 925 चांदी 800 च्या पुढे वितळू लागते. मधलं अंतर थोडंच आहे. झाळ नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावते. ती एकाच टोकाला चढून बसली, तर दुसरं टोक थंड राहिलं होतं असं समजा.

पुन्हा पाणी, पुन्हा लिंबूसत्व. मग सळईवर घालून हलकेच ठोका. यानं गोलाई येते आणि नरम झालेली चांदी परत कडक होते, नाहीतर जोडवं पायात दबेल. कानस, मग 400, 600, 1000 नंबरचा पॉलिश पेपर, मग बफ. आतली कड विशेष गुळगुळीत करा. हे जोडवं चिखलात, ढेकळांत, अनवाणी पायात असणार आहे. बोट फिरवून तपासा; टोचलं तर पूर्ण झालेलं नाही.

लिंबूसत्वाचं वापरलेलं पाणी निळसर होतं, त्यात तांबं असतं. बुडबुडे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाकून त्यातलं आम्ल मारा, आणि तरीही विहिरीजवळ किंवा जनावरांच्या पाण्याच्या वाटेवर ओतू नका.

तोलवही

माझ्या मते स्वतंत्र कारागिराचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार ही वही आहे. सकाळी काम सुरू करताना जितकी चांदी मेजावर घेतली ती तोलून लिहा: तार, पत्रा, झाळ, वेगवेगळं. संध्याकाळी तयार माल, अर्धवट माल, उरलेले तुकडे आणि झोळीतला चुरा तोला. फरक ती त्या दिवसाची घट. सुरुवातीला घट जास्त दिसते आणि नंतर उतरते. उतरत नसेल तर चांदी कुठे जाते ते शोधा: बफच्या धुळीत, पॉलिश पेपरात, फडक्यात, की चपलांच्या तळाला.

झाडलेली माती फेकायची नाही. खोलीचा केर, वापरलेले पेपर, फडकी, बफची धूळ एका डब्यात साठवा. सोनाराच्या दारातली माती धुऊन त्यातून धातू काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. तो धंदा उभा राहिला तो याच घटीवर. डबा भरला की गलाईवाल्याकडून जाळून, गाळून घ्या. चांदीचा चुरा आणि लोखंडी करवतीचा चुरा वेगळा करायला लोहचुंबक फिरवा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवलं तर ते झटकणं सोपं जातं.

घडणावळ कशी काढायची

भाव रोज बदलतो. 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली, तेव्हा जुन्या भावाचा आकडा डोक्यात ठेवून विकणाऱ्यांना परत तेवढी चांदी घेता आली नाही. म्हणून बिलात दोन ओळी वेगळ्या ठेवा: चांदी, त्या दिवसाच्या भावानं, आणि घडणावळ, कामाच्या हिशेबानं.

एक उदाहरण, आकडे समजण्यापुरते. समजा भाव ग्रॅमला 150 रुपये आहे आणि जोडव्यांची जोडी 4 ग्रॅमची. चांदीचे 600. घट 5 टक्के धरली तर 30. दोन तासांचं काम, तासाला 150 प्रमाणे 300. गॅस, पेपर, झाळ, पाती यांचे 40. डबी आणि पिशवी 30. झाले 1000. यातल्या चांदी सोडून असलेल्या 400 वर 20 टक्के धंद्याची वाढ म्हणून 80. जोडीची किंमत 1080. तासाचा दर तुमचा तुम्ही ठरवा, पण त्या दरानं होणारी दिवसाची कमाई रानात खुरपायला जाणाऱ्या बाईच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा खाली जाऊ देऊ नका. नातेवाईक म्हणतील, घरचंच आहे की, चांदीचे तेवढे घे. त्यांना बिल दाखवा आणि घडणावळीत सूट द्यायची असेल तर ती लिहून द्या. म्हणजे पुढच्या वेळी खरा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

ऑर्डर घेताना चांदीची रक्कम आगाऊ घ्या आणि त्याच दिवशी तेवढी चांदी विकत घ्या. मग भाव वर गेला तरी झोप लागते, खाली गेला तरी वाद होत नाही.

मोड

गावात गिऱ्हाईक रोख कमी आणि जुनी चांदी जास्त आणतं. आजीचे तोडे, तुटलेले वाळे, बाळाचा करदोडा. मोड घेताना तीन गोष्टी त्यांच्यासमोरच करा: तोलणं, कसोटीच्या दगडावर ओढून तेजाबानं टंच बघणं, आणि दोन प्रतींत पावती. जुन्या गावठी चांदीत झाळ भरपूर असते आणि पोकळ वाळ्यांत लाख भरलेली असते. ती गरम करून काढली की वजन उतरतं आणि माणसाला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून लाख त्यांच्यादेखत काढा आणि मग तोला.

ओळख नसलेल्या माणसाकडून मोड घेताना ओळखपत्राची प्रत ठेवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटण्यासारखं कारण असून घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. भावात फार घाई करणारा, रात्री येणारा माणूस परत पाठवा.

आणि एक विनंती. एखादी आजी सुंदर जुना दागिना मोडायला घेऊन आली, तर लगेच आटवू नका. गुळगुळीत झालेल्या जुन्या तोड्यांवरची नक्षी आता कोणी करत नाही. तिला विचारून निदान फोटो आणि मातीचा ठसा घेऊन ठेवा.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) आधारवर, सरकारी संकेतस्थळावर, फुकट होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला घ्या. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, तिच्या 18 व्यवसायांत सोनारकाम आहे. सीएससी केंद्रातून (गावातलं सरकारी सेवांचं केंद्र) अर्ज होतो, पहिली तपासणी ग्रामपंचायत पातळीवर. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 पर्यंत, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच मिळते. वरची यादी वाचून हत्यारं घेतली तर 15,000 त बरंच काही बसतं.

दागिन्यांवर जीएसटी 3 टक्के आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे, हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलतही आहे. पहिलं पार्सल जाण्याआधी कर सल्लागाराकडे एक तास बसा. चांदीचं हॉलमार्किंग ऐच्छिक आहे, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सोन्यासारखाच सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक येतो. मोठ्या शहरांत विकायचं ठरवलं तर हे घेतलेलं बरं. नसेल घेतलं, तर बिलावर टंच खरा लिहा आणि हॉलमार्क हा शब्द तोंडातूनही काढू नका.

काय करायचं, कोणाला द्यायचं

आमच्या भागात ज्याला मागणी कधीच संपत नाही ते म्हणजे देवाचे टाक. भाऊ वेगळे झाले की नवं देवघर, नव्या देवघराला नवे टाक. घोड्यावरचा खंडोबा, जोतिबा, भवानी, घराण्यातले वीर. जुने झिजून चेहरा गेलेले असतात, तेही बदलून घेतात. पातळ पत्रा राळेवर बसवून मागून उठाव काढायचा, मग पुढून रेषा. ठशातले तयार टाक बाजारात मिळतात, पण आमच्या देव्हाऱ्यात होता तसाच हवा म्हणणारी माणसं आहेत आणि ती घडणावळीत घासाघीस करत नाहीत. घेताना कोणतं कुळ, कोणतं दैवत, खंडोबाच्या बाजूला म्हाळसा आहे की नाही, हे नीट विचारून लिहा. जमलं तर जुना टाक समोर ठेवून काम करा.

पालच्या खंडोबाची यात्रा, औंधच्या यमाईची, पुसेगावची, म्हसवड आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाची, या दिवसांत माणूस घरी असतो आणि हातात पैसा असतो. तिथे खेळण्यांच्या शेजारी चांदी मांडू नका. नमुन्यांचे फोटो, मापाच्या कड्या आणि वही घेऊन ओळखीच्या ठिकाणी बसा आणि ऑर्डरी घ्या. उसाचं बिल, बेदाण्याचा पैसा कधी येतो ते बघून लग्नसराईचं काम आधी बांधा. गौरी-गणपतीला गौरींच्या दागिन्यांची दुरुस्ती येते, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लहान वाणाच्या वस्तू खपतात.

पर्यटकांचं गिऱ्हाईक सातारा बाजूला: महाबळेश्वर, पाचगणी, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर कास पठार. तिथे कोल्हापुरी साजाची छोटी नक्कल नेऊन उपयोग नाही. कासच्या सोनकीचं, तेरड्याचं, सीतेच्या आसवांचं रेखाटन करून त्याची कर्णफुलं करा. फुलं तोडायची नाहीत, फोटोवरून काम करा. सोबत त्या फुलाचं नाव आणि दागिन्याचं वजन लिहिलेली चिठ्ठी द्या. शहरातला माणूस ती चिठ्ठी जपून ठेवतो आणि मैत्रिणीला दाखवतो.

उधारी गावात टाळता येत नाही. सुगी झाली की देतो, हे खरंच सुगीनंतर येणारे पैसे असतात. माझा नियम असा: चांदी रोख, घडणावळ उधार चालेल. मग पैसे उशिरा आले तरी पुढची तार घ्यायला अडत नाही.

पावसाळा आणि पार्सल

पाटण-जावळीकडे चार महिने हवा ओली असते, चांदी लवकर मळते. तयार माल हवाबंद छोट्या पिशव्यांत, सोबत खडूचा तुकडा, तो ओल ओढून घेतो. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदीवर काळी रेघ उमटते. मळलेली साधी चांदी उजळायला भांड्यात अ‍ॅल्युमिनियमचा कागद पसरा, वर दागिना, गरम पाणी, एक चमचा खाण्याचा सोडा आणि मीठ. ऑक्सिडाइज केलेल्या, मोती बसवलेल्या किंवा लाख भरलेल्या दागिन्याला हे करू नका. गिऱ्हाइकाला बिलाबरोबर हे लिहूनच द्या, निम्मे फोन वाचतात.

पार्सल करण्याआधी कुरिअरच्या अटी वाचा. बऱ्याच कंपन्या मौल्यवान धातूची भरपाई देत नाहीत. पोस्टात विमा उतरवून पाठवणं मला जास्त खात्रीचं वाटतं. डबा बंद करण्याआधी दागिना काट्यावर, आकडा दिसेल असा फोटो, मग त्याच टेबलावर डबा बंद करतानाचा व्हिडिओ. डब्यावर चांदी, दागिने असं काही मोठ्या अक्षरांत नको. खोलीत किती माल आहे हे पारावर सांगायचं नाही, आणि रात्री माल तिजोरीत, तिजोरी भिंतीत पक्की केलेली. भरपाईचा विमा घेतला असेल तर विमावाला तोलवहीच मागतो, तेव्हा ती तिजोरीत ठेवू नका. तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.